घेतलेल्यातला वाटा

शहागडात एझरा झिराडकरच्या दुकानाला लोक 'शनवार बंद' म्हणायचे. पाटीवर नाव वेगळंच होतं. पण हायवेलगत विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारं हे एकच दुकान असं होतं, की शुक्रवारी दिवस कलला की शटर खाली यायचं आणि थेट रविवारी सकाळी वर जायचं. ऐन उसाच्या पाण्याच्या दिवसांत एखादा शेतकरी शनिवारी मोटार घेऊन आला, तर शेजारचा पंक्चरवाला पुंजाराम सांगायचा, "उद्या या. त्यांचा देव आज हात लावू देत न्हाई."

एझरा बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठीच बोलणारे ज्यू. वडील रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन जालन्याला आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडून एझराला दोन गोष्टी मिळाल्या. एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा. दुसरी म्हणजे दहावा वाटा. शुक्रवारी दिवे लावायच्या आधी आठवड्याच्या कमाईतला दहावा भाग बाजूला निघायचा. वडील म्हणायचे, "तो आपला नाहीच. आपल्याकडे नुसता ठेवायला दिलाय." त्या वाट्यातून कुणाच्या गोळ्या यायच्या, कुणा पोरीची सायकल दुरुस्त व्हायची. कुणी केलं हे घेणाऱ्यालाही कळायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका विहिरीतून मोटार वर ओढताना साखळी निसटली आणि एझराच्या उजव्या हाताची बोटं कप्पीत सापडली. जालन्याच्या दवाखान्यात बोटं वाचली, पण हाताला काम करायची मनाई झाली. दुकान बंद पडलं. होतं ते औषधपाण्याला गेलं. बायको मिल्का ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची, तेवढ्यावर दोघांचं आणि लहानग्या लेकीचं, नाओमीचं, पोट आलं.

अशाच एका शुक्रवारी मिल्कानं पाहिलं, की तिच्या शिलाईच्या पैशांतून एझरा डाव्या हातानं नोटा वेगळ्या करतोय.

"हे काय करून राह्यलात?"

"वाटा काढून राह्यलो."

"नाओमीचं दूध बंद केलं. तुमच्या गोळ्या अर्ध्याच आणल्या. आणि वाटा?"

"पप्पांनी कधी चुकवला न्हाई, मिल्का."

"पप्पांना पगार होता."

एझरानं नोटा वेगळ्याच ठेवल्या. मिल्कानं दिवे लावले, शब्बाथचं मनुकांचं सरबत पुढ्यात ठेवलं, प्रार्थना झाली, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. शब्बाथ सरल्यावर तिनं स्वतःच ठाण्याला फोन लावला. तिथल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे दाऊदकाका तिच्या माहेरचे. तिनं सगळं सांगितलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"एझरा," काका म्हणाले, "घरात पुरत नसेल तेव्हा दहावा वाटा लागू होत नाही. आधी तुझी बायको, तुझी मुलगी, मग जग. हे मी नाही म्हणत, आपलं शास्त्र म्हणतं."

"म्हंजे देणाऱ्यांतून माझं नाव कमी झालं."

"अजून ऐक. गरज असून जो हात पुढे करत नाही आणि घरच्यांना कमी पाडतो, त्यानं जणू त्यांचं रक्तच सांडलं, असं आपले जुने लोक सांगून गेलेत. इथल्या फंडातून तुला मदत येईल. ती घ्यायची."

एझरानं मान वळवून पाहिलं. मिल्का दाराशी उभी होती.

"अन्‌ काका, घेणाऱ्यानं काय करायचं? नुसतं घ्यायचं?"

"नाही रे. घेणाऱ्यानंही त्यातलं थोडं द्यायचं. दुसऱ्याच्या दानावर जगतो, त्यानंही दान द्यावं. एवढंसं का होईना. तेवढं मात्र कुणालाच सुटत नाही."

मदत आली. नाओमीचं दूध सुरू झालं, गोळ्या पूर्ण आल्या. ठाण्या-मुंबईतल्या कुणा माणसांनी आपापल्या पगारातून काढलेला वाटा होता तो. त्यांची नावं एझराला कधी कळणार नव्हती. आपण ज्यांना देत आलो त्यांना असंच वाटत असेल, हे त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. आता यातलं थोडं कुणाला द्यायचं?

त्याच आठवड्यात गोपीकिशन शेठ त्याला बघायला आले. धान्याचे व्यापारी, मोसंबीच्या बागेतल्या मोटारी एझराकडूनच भरून घ्यायचे. बोलता बोलता त्यांनी आपल्याच मारवाडी समाजातल्या पानबाईचा विषय काढला. पानबाईचा नवरा गेला, पाठोपाठ पोराचा सुरतेतला धंदा बसला, तो परतलाच नाही. म्हातारी बाजारामागच्या घरात एकटी राहायची.

"मी गव्हाचं पोतं पाठवलं, तर परत पाठवलं," शेठ म्हणाले. "समाजातले चार लोक गेल्ते, त्यांना चहासुद्धा पाजला, पण एक दाणा घेतला न्हाई. म्हणे, आमचा हात देणाऱ्याचा हाय."

दुसऱ्या दिवशी एझरा बाजारात गेला. पीठ, थोडी मुगाची डाळ, गूळ घेतला आणि पिशवी डाव्या खांद्याला अडकवून पानबाईच्या दारात उभा राहिला.

"काकी, येऊ का?"

पानबाईनं पिशवी पाहिली आणि तिचा चेहरा आक्रसला. "बैस. पण ते बाहेर ठेव. मी कुणाचं घेत न्हाई, बिलकुल न्हाई."

"मी द्यायला न्हाई आलो, काकी. अडचण घेऊन आलो."

त्यानं सगळं सांगितलं. हात कसा जायबंदी झाला, ठाण्याहून मदत कशी आली, काका काय म्हणाले. पानबाई ऐकत राहिली.

"म्हंजे हे तू मागून आणलं?"

"मागूनच."

"अन्‌ त्यातलं मला देतो?"

"द्यावंच लागतं. न्हाई दिलं तर घरातलं बाकीचं मला गोड लागणार न्हाई. तुम्ही घेतलं तर माझं काम होईल."

पानबाईनं त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग म्हणाली, "रख."

तो उठायला लागला, तशी ती म्हणाली, "थांब जरा." तिनं पिशवी सोडली, मूठभर पीठ वाटीत घेतलं, त्यात गूळ कुस्करला आणि वाकलेल्या पाठीनं मागच्या दारी गेली. एझरा तिच्यामागे गेला. परसात लिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांचं वारूळ होतं. म्हातारी खाली बसली आणि चिमटीनं पीठ सोडू लागली, रांगोळी घालावी तसं.

"आमच्यात ह्याला किडीनगरा म्हणतात," ती म्हणाली. "किडी म्हंजे मुंगी. हे त्यांचं नगर. मालक होते तवा डबाभर पीठ यायचं. मंग मूठ झाली, मंग चिमूट. पण चुकवलं कधी न्हाई. आता घरात पीठच नव्हतं, तर इकडं यायची शरम वाटायची. मागचं दार उघडलंच न्हाई मी."

एझराला आता कळलं. ही बाई उपाशी होती. उपाशी असल्याचं ती एका शब्दानं बोलली नव्हती. तिला शरम वाटली होती ती मुंग्यांची.

एक मुंगी आली. पिठाशी थबकली, परत गेली. मग रांग आली. प्रत्येक मुंगी आपल्याहून मोठा कण उचलत होती आणि अंधाऱ्या बिळात उतरत होती. तिथं खाली कोण वाट बघत होतं, त्यातून कोण कुणाला वाटा देणार होतं, काही दिसत नव्हतं. ठाण्याला कुणी नर्सनं, कुणी कारकुनानं बाजूला काढलेला तो पैसा. तो आपल्याकडे आला, आपल्याकडून इथं, आणि आता मातीखाली चाललाय. हा वाटा थांबतो तरी कुठं? वडिलांचं बोलणं त्यानं जन्मभर ऐकलं होतं. त्या वाट्याला एवढी वाट असेल हे त्याला ठाऊक नव्हतं.

नकळत त्यानं खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला. प्रार्थनेला उभं राहताना टाकतात, तसा.

"ऊन कुठं हाय इथं?" पानबाईनं विचारलं.

त्यानं रुमाल तसाच राहू दिला. ती उठली, पदरानं हात पुसले. "चल, आत. भाकरी खाऊन जा."

"न्हाई काकी, तुम्ही आधी—"

"माझ्या घरात मी पहिली खाते का? बैस."

तव्यावरची पहिली भाकरी तिनं त्याच्या ताटलीत टाकली. वर गुळाचा खडा. एझरानं डाव्या हातानं तोडली आणि खाल्ली. दाऊदकाकांनी सांगितलं होतं ना, घ्यायचं.

घरी येऊन त्यानं मिल्काला सांगितलं. ती शिलाई मशीन थांबवून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळेला मला घेऊन चला."

दिवाळीनंतर डॉक्टरांनी हात मोकळा केला. दोन बोटं वाकायची राहिली ती राहिलीच. बारीक तार त्या हाताला धरता येईना, तेव्हा मिल्का दुकानात येऊन बसली. एझरा सांगत गेला, ती तांब्याची तार गुंडाळत गेली. पहिल्या मोटारी दोनदा सोडून पुन्हा भराव्या लागल्या, मग जमलं. हंगामाला पुन्हा दारात मोटारींची रांग लागली, तसा एझरानं ठाण्याला फोन केला, "काका, आता दुसऱ्या कुणाला द्या."

पानबाईकडे पिशवी नेणं मात्र चालू राहिलं. आता ती मिल्का नेते, आणि परत यायला तिला नेहमी उशीर होतो.