पोपटीचे वाल

"माहेरचं काय बी आलं ना गो मालू, तं पयलं घरधन्याच्या हातावर ठेवायचं. मंग आपल्या तोंडात."

आईला जाऊन बरीच वर्षं लोटली. पण काल जासईहून भाऊ पोपटीचं मडकं घेऊन आला, भाजल्या वालाच्या शेंगांचा वास ओटीवर दरवळला, आणि मालूच्या कानात तोच आवाज घुमला. सासू गोदूबाई विहिरीवर होती. मालूनं ओंजळभर शेंगा नवऱ्याच्या, रामूच्या हातावर ठेवल्या. टायफॉइडमधून नुकताच उठलेला, नुसत्या पेजेवर दिवस काढलेला तो; सालीसकट चावून खाल्ल्या त्यानं.

आज तोच रामू पनवेलात, राफेल डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर पडला होता. पोट ढोलकीसारखं ताणलेलं.

"काय खाल्लं यानं?"

"माज्या हातची पेज," गोदूबाई म्हणाली. "दुसरा कण नाय. घरात काय इपरीत झालंच, तं हिला पयली माहेरी धाडीन, सांगून ठेवलंय मी."

मालूनं पदराचं टोक दातात धरलं.

"नीट ऐका. पेज वरच्या, लहान आतड्यातच जिरते. साल, चोथा जिरत नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू तो आंबवतात. तुमचं वड्याचं पीठ रात्रभर फुगतं ना, तसा वारा धरतो."

"जंतू? आमच्या पोटात? आमी देवाची मानसं, डाक्तर."

"देवाच्या माणसांनाही वारा सुटतो, गोदूबाई." डॉक्टर हसले नाहीत. "असं काही सालीचं खाल्लं असेल तर इथंच ठेवून लक्ष देऊ. पण नुसत्या पेजेनं पोट एवढं फुगत नाही. म्हणजे तापानं कच्चं झालेलं आतडं फाटलं, असंच धरावं लागेल. मग मुंबई, आणि पोट उघडायचं. या अंगाला ते सोसेल, असं मी म्हणणार नाही. रामू, तू सांग. खरं."

रामूनं मालूकडे पाहिलं. मग नजर कौलांवर नेली.

"पेजच, डाक्तर."

बाहेर मुंबईला निघालेल्या मिठाच्या ट्रकनं भोंगा दिला. डॉक्टरांनी खिडकीतून हात करून त्याला थांबवलं. ड्रायव्हर आणि क्लीनर आत आले. एकानं खांदे धरले, एकानं पाय. रामू कळवळला, पण ओठ मिटलेलेच. हा असाच जाईल, मालूला वाटलं, मला सांभाळत सांभाळत जाईल.

ती दारात आडवी आली.

"वाट सोड गं!" गोदूबाई ओरडली.

"नाय सोडनार. खाली ठेवा त्यांना." तिचा आवाज फाटला. "डाक्तर, वाल खाल्लेत त्यांनी. पोपटीचे, सालीसकट. मी दिले. माज्या हातानं."