वरचं गढूळ पाणी

आमच्या आईचा धाक असा की पेला ओठांपासून दूर होताच धुतला जायचा. मी तिचीच लेक. अख्ख्या प्रयोगशाळेत माझ्याइतकं चकचकीत टेबल कुणाचं नव्हतं, आणि तीन महिने माझ्याइतकं नापासही कुणी होत नव्हतं.

काम सांगायला सोपं. बशीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशींना औषध द्यायचं आणि त्या मरताना कॅस्पेज नावाचं प्रथिन जागं होतं का ते पाहायचं. हे प्रथिन तुटलं की कामाला लागतं, आणि पेशींतली प्रथिनं वेगळी करून घेतलेल्या फिल्मवर खाली तुकड्याची पट्टी उमटते. माझ्या फिल्मवर वरची, अख्ख्या प्रथिनाची पट्टी दर वेळी ठसठशीत यायची. खाली शुकशुकाट. शेवटी पीएच.डी.च्या माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं की शुक्रवारपर्यंत पट्टी दिसली नाही तर विषय दुसऱ्याला देणार. मी हो म्हटलं आणि जिन्यात जाऊन रडले.

सोमवारी पुन्हा बशी उचलली. नेहमीसारखं वरचं पाणी ओतणार, तोच काचसामान धुणारे काका शेजारी आले. पाणी एवढं गढूळ का, विचारू लागले. मी आधीच वैतागलेली. मेलेल्या पेशी तळ सोडून वर तरंगतात, घाण असते ती, म्हणून तर धुऊन टाकते, असं फटकारलं.

काका बशीकडे वाकले. "ताई, तुम्ही मेलेल्याच शोधताय ना? मग त्याच ओतून कशाला देता?"

बशी हातात तिरकी ती तिरकीच राहिली. तीन महिन्यांचं मुसळ केरात, आणि केर काढणारी मीच.

त्या दिवशी ते गढूळ पाणी नळीत भरलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि तळाशी बसलेला गाळ जिवापाड जपला. गुरुवारी फिल्मवर खाली पट्टी आली, चांगली जाड, काळीभोर. मी आधी काकांना दाखवली.

सरांनी फिल्म खिडकीकडे धरली. विषय तुझाच, म्हणाले. मग या वेळी वेगळं काय केलंस, असंही विचारलं. थाप मारायची फार इच्छा झाली, पण जमलं नाही.

"सर, आजवर मी मेलेल्या पेशी धुऊन टाकत होते."

सर हळूच खुर्चीत बसले.

"माझ्या प्रबंधाला सात वर्षं लागली," ते म्हणाले. "मीही धुवायचो."