बोस्सानचं गंगावन

तावुसने फणी मुळापासून ओढली. मध्येच गुंता लागला, तसा तिने जोर लावून ती खाली खेचली. तिच्या लेकीची, बोस्सानची मान मागे गेली. फणीत आलेले केस तावुसने खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. बोट-बोटभर लांबीचे तुकडे, आणि एकाच्याही टोकाला मुळाचा पांढरा ठिपका नाही. म्हणजे गळलेले नव्हेत, तुटलेलेच.

"काल अंडं लावलं, परवा दही, तेरवा तिळाचं तेल," ती करवादली. "आता आणखी काय घालू तुझ्या डोक्यात? माझा मेंदू घालू?"

"घाल की. निदान कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

तावुसने तिच्या खांद्यावर फणी मारली. लागेल अशी नाही, पण अगदीच न लागेल अशीही नाही.

लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं, आणि ते ठरलंच मुळी केसांवरून. गेल्या शरदात बैरामअली शहरात एका नात्यातल्या लग्नात बोस्सान नाचली. तावुसने त्या दिवशी तिच्या दोन्ही वेण्यांत गंगावन गुंफलं होतं. वेण्या गुडघ्यापर्यंत लोळत होत्या. ओगुलनबात नावाच्या एका बाईने त्यातली एक हातात घेतली आणि चारचौघींत म्हणाली, "असा शेपटा आमच्या अंगणात आला पाहिजे." आठ दिवसांत तिच्या घरून तिच्या मुलासाठी, मेर्दानसाठी मागणी आली. मुलगा गुणी होता, बोस्सानलाही आवडला. तेव्हापासून त्या घरचं कोणी यायचं म्हटलं की गंगावन चढायचं, आणि ते येतच राहिले, कधी साखर घेऊन, कधी नुसतेच. नाकापेक्षा मोती जड, तसं झालं. गंगावनाच्या ओझ्याने पोरीचे स्वतःचे केस झिजत चालले.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण तुर्कमेनांचा रिवाज असा, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरच्या बायका नवरीवर चाल करून येतात. तिच्या डोक्यावरची मुलीपणाची टोपी हिसकावतात, रुमाल घालतात आणि छातीवरच्या वेण्या पाठीवर टाकतात. नवरीच्या मैत्रिणी त्यांना अडवतात. ओढाताण होते, हसणं-खिदळणं होतं. त्या झटापटीत वेणीच कोणाच्या हातात आली तर? तावुसला ते चित्र रात्रंदिवस दिसायचं. हयातभर पुरेल एवढी शोभा.

दुपारी शेकेर आली. गल्लीतल्या सगळ्या नवरीमुलींचे केस तीच करायची. तिने बोस्सानचे केस चिमटीत धरून ताणून पाहिले आणि सोडून दिले.

"रोज लावतेस हे सगळं?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"तेच चुकलं. ताई, हे केस आहेत, गालिचा नाही, रोज धोपटायला. आठवड्यातून एकदा दही, बस. आपलं पाणी खारं, म्हणून उकळून निवळलेलं घ्यायचं. ओल्या केसांना फणी लावायची नाही. विंचरायचं ते टोकांकडून वर. वेणी सैल. टोकं चार बोटं कापायची. आणि गंगावन बंद."

"चार बोटं काप म्हणतेस? आणि पाच आठवड्यांत वाढतील किती?"

"बोटाच्या जाडीएवढे वाढले तरी देवाची दया."

"मग केसांच्या या उपासाचा उपयोग काय?"

"तुटायचे थांबतील. लांब व्हायला दोन वर्षं तरी लागतील."

"दोन वर्षं! लग्न काय दोन वर्षांनी लावू?"

"मला केसांचं विचारलंस, मी केसांचं सांगितलं," असं म्हणून शेकेरने चहा संपवला आणि ती निघून गेली. सगळे मेले शहाणे, असं तावुस दाराकडे बघत पुटपुटली. उपाय मात्र एकाकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्वतःलाच उपाय सुचला. तिने रेशमी दोरा घेतला आणि गंगावन नुसतं गुंफण्याऐवजी बोस्सानच्या केसांच्या मुळाशी गाठी मारमारून आवळलं. डाव्या बाजूला सात गाठी, उजव्या बाजूला सात.

"आई, कपाळ ताणतंय. डोळेसुद्धा मिटत नाहीत."

"नवरीने डोळे मिटायचेच नसतात. उभी राहा. आता मी सासरची बाई."

"आई, नको ना."

"ओढून बघायला नको? तिथे सुटलं तर?"

तिने डावी वेणी धरली आणि बायका ओढतात तशी ओढली. गाठ सुटली नाही. गाठ अगदी पक्की होती. वेणीच तिच्या हातात आली, आणि गाठीच्या वर बोस्सानच्या केसांचा एक झुबका, कानामागून उपटलेला. बोस्सानने कानामागे हात लावला, बोटं पाहिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तावुस वेणी हातात धरून उभीच राहिली. आधी तिला रडू आलं, मग राग आला. राग केसांचा, पाण्याचा, शेकेरचा, लग्नात नाचायला लावणाऱ्या नात्यातल्या सगळ्या बायकांचा.

आणि नेमकी त्याच दुपारी ओगुलनबात आली. लग्नाचं कापड घेऊन, न कळवता. तावुसची तारांबळ उडाली. तिने आत जाऊन बोस्सानला कसंबसं सजवलं, सुटलेली वेणी पिनांनी खोचली, वर टोपी दाबली.

"हलू नकोस. मान वळवू नकोस. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

ओगुलनबातने कापड उलगडून दाखवलं, भाकरी मोडली, चहा घेतला. मग कौतुकाने हात पुढे केला. "ये बाई, तुझ्या वेण्या बघू दे जरा."

"बसा हो विहीणबाई, आधी हे जर्दाळू तरी घ्या," तावुस मध्ये पडली.

बोस्सानने टोपी काढली. पिना एकेक करून काढल्या, डावी वेणी सोडवली आणि चहाच्या पेल्याशेजारी ठेवली. मग उजवीच्या गाठींना हात घातला. त्या सुटेनात, म्हणून तिने कात्रीने दोरा कापला आणि तीही ठेवली. खांद्यापर्यंत येणारे तिचे केस ओबडधोबड पसरले.

"माझे एवढेच आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला आज कळलेलं बरं."

तावुसने डोळे मिटून घेतले. आता विहीण उठेल, कापडाची घडी घालेल, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

ओगुलनबातने एक वेणी उचलली, तळहातावर तोलली.

"केवढी जड आहे गं ही." मग ती बोस्सानच्या कानामागे पाहत राहिली, जिथे कातडी लाल झाली होती. "रुमाल मी घालीन तुला. एकटी. कोणाला ओढू द्यायची नाही." आणि तिने विचारलं, "दुखायचं का गं, पोरी?"

सकाळ-संध्याकाळ शब्दाला शब्द देणारी बोस्सान या वेळी दोनच शब्द बोलली.

"हो. रोज."

तावुसला विहिणीचा रागच आला. हा प्रश्न हिने विचारावा? गेले पाच महिने आपण लांबी विचारली, जाडी विचारली, तेल लावलं का विचारलं. दुखतं का, तेवढं एक विचारलं नाही.

"चहा आणते," म्हणून ती उठली. किटली भरलेलीच होती, पण तिला कोणी थांबवलं नाही.