जेबेझची लाथ

एनॉक सिसन्सनं उभा जन्म लाथा खाण्यात घालवला होता, आणि त्याबद्दल त्याची कसलीही तक्रार नव्हती.

इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या गोदीजवळच्या थिएटरात दर नाताळाला मोठा खेळ लागायचा. आधी परीकथा, गाणी, नाच, आणि सगळ्यात शेवटी धिंगाणा. त्यात चोरटा विदूषक असायचा, ठिगळांच्या कपड्यातला प्रेमवीर हार्लेक्विन, त्याची नाचरी प्रेयसी, एक बावळट पोलीस, आणि विदूषकाच्या मागंमागं लंगडत फिरणारा, प्रत्येक तडाखा स्वतःच्या अंगावर घेणारा म्हातारा. तो म्हातारा म्हणजे एनॉक. पंचविशीत तो काळ्या पेन्सिलीनं सुरकुत्या काढायचा. आता पेन्सिल लागत नव्हती.

विदूषक होता जेबेझ मॉड. लाथ मारण्याआधी तो एनॉकच्या कानाशी वाकून हळूच विचारायचा, "तयार, म्हाताऱ्या?" एनॉक अंग सैल सोडायचा, मग लाथ बसायची आणि एनॉक कोलांटी खात थेट रंगमंचाच्या कडेच्या दिव्यांपर्यंत जायचा. लोकांना वाटायचं, हाडं मोडली. पण इतक्या वर्षांत एनॉकला साधं खरचटलंही नव्हतं. ते दोन शब्द प्रेक्षकांपैकी कुणी कधी ऐकले नाहीत, आणि दोघांनी ते कुणाला सांगितलेही नाहीत.

त्यांच्या उमेदीत लोक धिंगाण्यासाठीच यायचे. परीकथा कशीबशी उरकायची, की सॉसेजची लांबच लांब माळ, लोणी चोपडलेला उंबरठा, पोलिसाच्या बुडाला लागणारी लालभडक सळई! वरच्या गॅलरीत गोदीतली माणसं आपली पोरं खांद्यावर घेऊन उभी असायची, आणि हशा छतावर आपटून खाली यायचा. मग लंडनहून नावाजलेले गायक यायला लागले, पडदे झगमगायला लागले. तासाभराचा धिंगाणा अर्ध्यावर आला, अर्ध्याचा पाव झाला. शेवटी शेवटी तर एनॉक कोलांटी खाऊन उठायचा तेव्हा समोरची माणसं कोट चढवत असायची. गॅलरी तर मॅनेजर क्रॅबट्रीनं बंदच करून टाकली.

त्या शरद ऋतूत जेबेझ छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या जागी लीड्सकडचा लायनेल ब्रेथ आला. विशी-बाविशीचा, गळ्यानं गोड आणि पायांनी ठोंब्या. जेबेझला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या दुपारच्या खेळाला त्यानं लाथ मारली ती एनॉकच्या मांडीवर बसली. लंगडण्याचं सोंग त्या दिवशी करावं लागलं नाही.

चौथ्या-पाचव्या खेळाला एनॉक रंगपटात शिरला आणि दारातच थबकला. आरशात जेबेझचा चेहरा होता. पांढऱ्या रंगावर गालांचे लाल त्रिकोण, त्यातला डावा किंचित खाली घसरलेला, कारण जेबेझचा डावा खांदा दुखायचा आणि हात पुरता वर जायचा नाही.

"हे कुणी शिकवलं तुला?" एनॉकनं विचारलं.

लायनेल वळला. "कुणी नाही, मिस्टर सिसन्स. हात आपोआप गेला. वाईट दिसतंय का?"

"नाही," एनॉक म्हणाला. "चांगलं दिसतंय."

त्या दिवशी रंगमंचावर सॉसेज चोरून झाले, पोलीस पाठ वळवून उभा राहिला, आणि एनॉकच्या कानाशी श्वास आला. त्या श्वासाला लवंगेचा वास होता. जेबेझ दाढदुखीसाठी कायम लवंग चघळायचा.

"तयार, म्हाताऱ्या?"

एनॉकचं अंग सवयीनं सैल पडलं. लाथ नेमकी जिथं बसायला हवी तिथंच बसली. तो दिव्यांपाशी जाऊन पडला, आणि कोटाच्या बाहीत अर्धा हात घातलेली माणसं हसत हसत परत खाली बसली.

पडदा पडल्यावर त्यानं लायनेलला गाठलं. "लाथेच्या आधी काय बोललास?"

"मी? काहीच नाही." लायनेल रंग पुसत होता. "खरं सांगू का? मला धिंगाण्यातलं काही आठवतच नाही. पावडर लावतो तेवढं आठवतं. मग एकदम इथं बसलेला असतो, आणि हा खांदा दुखत असतो."

एनॉकला भीती वाटली. खोटं कशाला, आनंदही झाला. घरी जाताना त्यानं तळलेला मासा घेतला आणि चालता चालता एकटाच हसला. रोज दुपारी थोडा वेळ का होईना, त्याचा दोस्त परत मिळत होता. गावात बोलबाला झाला. जुनी माणसं नातवंडांना घेऊन यायला लागली. क्रॅबट्रीनं एक गाणं कापून धिंगाणा वाढवला आणि एनॉकच्या पाठीवर थाप मारली, "तुमच्यात अजून दम आहे की हो!"

लायनेल मात्र दिवसेंदिवस वाळत चालला. खेळ संपल्यावर तासभर चेहरा धुतला तरी कातडी पांढरीच राहायची. एकदा एनॉकनं त्याला त्याचं आवडतं गाणं म्हणायला सांगितलं, तर पहिल्या ओळीलाच तो अडला. आवाज फाटका, दारू प्यायलेल्या साठीतल्या माणसासारखा.

"मिस्टर सिसन्स, काल आईला पत्र लिहायला बसलो," तो कुजबुजला, "तर तिचं नावच आठवेना."

एनॉकनं त्याला गरम चहा दिला आणि विषय बदलला. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

पुढच्या शनिवारी जेबेझची बायको केझाया खेळाला आली. नवरा गेल्यापासून थिएटरकडे ती पहिल्यांदाच फिरकली होती. धिंगाणा चालू असताना ती एकदाही हसली नाही. खेळ संपल्यावर मागच्या दारापाशी तिनं एनॉकची बाही धरली.

"तो आहे ना रे तिथं?"

एनॉक बाही सोडवायला लागला.

"मला मूर्ख समजू नकोस. त्या माणसाचे कपडे मी आयुष्यभर धुतलेत. त्याची चाल मला ओळखू येत नाही होय?"

"तुला बरं नाही वाटलं, केझाया? त्याला बघून?"

"वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं." तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "माझं माणूस मी पुरलंय, एनॉक. आणि तो पोरगा कुणाचातरी मुलगा आहे. जेबेझ कधी कुणाचं ऐकायचा नाही, माझं तर नाहीच. पण तुझ्याशिवाय त्याची लाथ लागत नव्हती. तूच सांग त्याला."

सोमवारी थिएटर भरलं होतं. सॉसेज झाले, सळई झाली. पोलिसानं पाठ वळवली. लवंगेचा वास आला.

"तयार, म्हाताऱ्या?"

"नाही," एनॉक म्हणाला.

उचललेला पाय हवेतच राहिला. एनॉकनं पाठीचा बाक काढला आणि वळून उभा राहिला. त्या पांढऱ्या चेहऱ्यातले डोळे जेबेझचे होते, आणि त्यांना काही कळत नव्हतं.

"पुरे झालं, जेब," एनॉक हळू आवाजात म्हणाला. "पोराला सोड. आपलं झालं."

 वादकांनी वाजवायचं थांबवलं. मग तो पाय खाली आला, गुडघे वाकले, आणि लायनेल रंगमंचाच्या मधोमध बसून लहान मुलासारखा रडायला लागला. कुणीतरी हसलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "हे काय चाललंय?" आणि माणसं कोट शोधायला लागली.

क्रॅबट्री संतापला. उरलेला हंगाम धिंगाणा कसातरी ढकलला गेला आणि पुढच्या नाताळाला तो नव्हताच. कुणी विचारलंही नाही. लायनेलचा आवाज वसंतात परत आला. पुढं त्यानं लीड्समध्ये गाण्यांवर चांगलं नाव काढलं, पण तोंडाला रंग म्हणून लावला नाही. एनॉक थिएटरच्या दाराशी तिकिटं फाडायला बसू लागला.

रविवारी तो केझायाकडे चहाला जायचा. एकदा तिनं पावाला लोणी लावता लावता विचारलं, "तू नाही म्हणालास तेव्हा कसा दिसला रे तो?"

"चकित झाला. मी त्याला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं."

"आणि मग?"

एनॉकनं कप खाली ठेवला. "मग त्यानं वर पाहिलं. गॅलरीकडे."

"गॅलरी तर बंद होती."

"हो," एनॉक म्हणाला. "पण तो बराच वेळ बघत राहिला, केझाया. आणि वरून कुणीतरी हसलं."