बुडालेली पाळी

महिपतच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पंपाने नेलं. पण ते असो. बाळकुमच्या त्या सोसायटीत असं काही घडलेलंच नाही, कमिटीचं तसं एकमताने ठरलंय. तेव्हा आपणही पंप नीट चालू आहे असं धरून चालू.

तर पंप नीट चालू होता. जरा जास्तच. भर दुपारी तो आपणहून सुरू झाला, गच्चीवरची टाकी वाहिली आणि उत्तराताईंचे वाळत घातलेले पापड पन्हाळीतून खाली उतरले.

पंपाचा टायमर मोबाइलवर बसवून दिलेला तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वेशने. पंप सांभाळणारा महिपत त्याच्याकडे गेला.

“टेन्शन नका घेऊ, काका. काल लायब्ररी अपडेट केलेली. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, आपण उचलायचा. आता टायमर बुडालेल्या पाळ्या लक्षात ठेवतो नि भरून काढतो.”

“माझ्यापेक्षा इमानी निघाला की! आणि अजून काय काय लिहिलंय त्या माणसाने?”

“ते कोण वाचत बसतं, काका!”

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप जाम झाला. जाम पंपाचा मागचा पंखा बोटाने फिरवून मोकळा करायचा, ही महिपतची जुनी रीत. त्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायचा, हीही जुनीच. पण फ्यूज काढला की टायमर ऑफलाइन जातो, म्हणून कमिटीने फ्यूजच्या पेटीला कुलूप घातलेलं. त्याने फोन लावला.

“सर्वेशभाऊ, बंद करा. हात घालतोय.”

“केला, काका. बिनधास्त घाला.”

पंखा हलेना. पंप गप्प होता; काहीतरी आठवत बसलेल्या माणसासारखा गप्प. महिपतने जोर लावला, पंखा सुटला, आणि पेटीत बारीक टक् झालं. सकाळची पाळी टायमरला आठवली होती.

टाके घालून महिपत कामावर आला, तर गेटवरचं हजेरीचं मशीन त्याला ओळखेना. त्याला महिपतचं तेवढंच बोट ठाऊक. मशीनच्या लेखी गैरहजर राहिला की आठवडाभरात नवा माणूस, हा नियम.

“दुसरं बोट घ्या ना, ताई,” तो चेअरमन उत्तराताईंना म्हणाला.

“घेऊ की. पण ओळख पटवायला आधी जुनं लावावं लागतं, महिपत. आणि तुमचं बोट गेल्याची आमच्याकडे नोंद नाही.”

महिपतने डाव्या हाताने अर्ज लिहिला:

‘सदर बोट माझ्याआधीपासून पंपाच्या खोलीत हजर असून त्याने एकही पाळी चुकवलेली नाही. तरी त्याची हजेरी लावावी व उरलेल्या मला त्याच्यासोबत आलेला समजावे, ही नम्र विनंती.’