कठड्याच्या बारा काचा

दीपाली त्या शाळेबद्दल चांगलंच लिहायचं ठरवून अहमदपूरला उतरली होती.

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या काच-ॲल्युमिनियमच्या दुकानदारांसाठी ती दर सोमवारी मोबाइलवरच्या गटात बातमीपत्र पाठवायची. काचेचे दर, भट्ट्यांवरची गर्दी, खिडक्यांच्या चौकटींचे नवे सेक्शन, आणि शेवटी तिचं स्वतःचं चार ओळींचं मत. या वेळची बातमी होती तिथल्या शाळेच्या पहिल्या मजल्यावरचा नवा काचेचा कठडा. काम नांदेडच्या शिवशंकरअप्पांचं. अप्पांच्या दुकानात दीपालीनं सहा वर्षं कोटेशनं लिहिली होती. बोटानं काच वाजवून तिची जाडी ओळखायला तिला अप्पांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मुख्याध्यापिका रत्नम्मा मॅडम खाली पटांगणात मुलांच्या रांगा लावत होत्या. पाहुणे आले की दोनशे मुलं गॅलरीत कठड्याला लागून उभी राहणार, टाळ्या वाजवणार, असं ठरलं होतं. त्याची तालीम आदल्या दिवशी, म्हणजे आजच, बारा वाजता होती. वर अप्पा आणि त्यांचा फिटर पिराजी शेवटचा हात फिरवत होते.

"ये पोरी," अप्पा म्हणाले. "फोटो नीट काढ. तालुक्यात असं काम कुठंच न्हाई."

फोटो काढायला उजेडाचा अंदाज घेताना दीपालीनं डोळ्यांवरचा गॉगल काढला नव्हता. तो पोलराइज्ड, म्हणजे चकाकी गाळणारा होता. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच, अशा गॉगलमधून तिरकी पाहिली की तिच्यावर काळसर ठिपके दिसतात. साध्या काचेवर दिसत नाहीत. तिनं जिन्याकडून बघायला सुरुवात केली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांवर ठिपके होते. पाचवी कोरी होती. सहावी कोरी. सातवीही. आठवीपासून पुन्हा ठिपके.

ती जागा बदलून उभी राहिली. मान वाकडी करून पाहिलं. तेच. पाचव्या काचेच्या कोपऱ्यात मात्र टफनचा शिक्का व्यवस्थित होता.

"अप्पा, या मधल्या तीन काचा टफन आहेत ना?"

पिराजीच्या हातातलं फडकं थांबलं. अप्पा हसले. "शिक्का दिसत न्हाई का तुला?"

"शिक्का दिसतो. बाकीचं दिसत नाही."

"गॉगल घालून काच तपासती व्हय? ऊन सरकलं की ठिपके जातात. इतकी वर्षं काय शिकलीस माझ्याकडं?"

ते खरंही असू शकत होतं. उजेडाचा कोन चुकला तर ठिपके दिसत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण तीनच काचांवर कोन कसा चुकेल? साधी काच धक्क्यानं फुटली तर तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात, आणि खाली पंधरा फुटांवर फरशी होती. ती खाली गेली आणि रत्नम्मा मॅडमना सांगितलं.

मॅडम वर आल्या. "एक काच फोडून दाखवा," त्या अप्पांना म्हणाल्या.

"दाखवतो की!" अप्पांचा आवाज चढला. "पण टफन निघाली तर हिनं सोमवारी माझी माफी छापायची." आणि दीपाली काही बोलायच्या आत त्यांनी बाराव्या काचेवर हात ठेवला. "पिराजी, ही सोड."

पिराजी आणि एका शिपायानं काच खाली नेली, ताडपत्रीवर आडवी ठेवली, वर चादर टाकली. पिराजीनं कोपऱ्यावर पंच टेकवून हातोडा मारला. आवाज झाला आणि चादर बसली. उचलून पाहिलं तर सगळा खडीसाखरेसारखा बारीक चुरा. कुठंही धार नव्हती. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं समाधान?" अप्पांनी विचारलं.

"बारावीबद्दल मी बोललेच नव्हते. सहावी फोडा."

"बास झालं. एकीची बोली होती. एक फोडली."

रत्नम्मा मॅडमनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. त्या दीपालीकडे वळल्या. "बाई, तुमची खात्री आहे का?"

"पूर्ण नाही," दीपाली म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. "पण शंका आहे तोवर मुलं तिथं उभी करू नका."

मॅडम घुटमळल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या मुलांना वाटलं, तालीम सुरू झाली. ती जिन्याकडे पळाली. दीपाली त्यांच्याआधी पळाली, जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली. पहिली मुलगी तिच्या पोटावर आदळली. मागून रेटा येत होता. "थांबा! कुणीही वर यायचं नाही!" ती ओरडली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. शेवटी मॅडमची शिट्टी वाजली आणि रेटा थांबला.

वर पान्याचा आवाज येत होता. दीपाली, अप्पा आणि शिपाई वर गेले. सगळे खाली असतानाच वर आलेला पिराजी सहाव्या काचेचे बोल्ट सोडत होता.

"पिराजी, पाना खाली ठेव," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आता ते पोरगं पळत आलं ना, ते थेट इथंच टेकलं असतं." त्यानं मान वर केली नाही. "लोहा गावाच्या पुढं गाडी आदळली अन् तीन काचा गेल्या. भट्टीवाला दहा दिवस म्हणला. तुम्ही म्हणलात, साधी काप, शिक्का मार. कापली म्या. रोज झोपंत फुटून राहिली ती."

अप्पा कठड्यापासून बाजूला झाले. मदतीला शिपाईही पुढे होईना. पिराजीनं आपला एक हातमोजा काढून दीपालीकडे फेकला. "ताई, धरा. खालून धरा, कडंला बोट लावू नका. अन् काही झालं तर सोडून मागं व्हा. झेलायला जाऊ नका."

तीसेक किलोची ती काच दोघांनी उभी धरून जिन्यावरून उतरवली. मुलं भिंतीला चिकटून उभी होती. वळणावर काचेचा कोपरा लोखंडी नळीला लागला. टण्ण. दोघंही जागच्या जागी थांबली. काच टिकली. पिराजी हळूच म्हणाला, "चला."

ताडपत्रीवर हातोडा पडला. या वेळी चादर बसली नाही. ती दोन ठिकाणी आतून फाटली आणि हातभर लांब, टोकदार पातं बाहेर आलं. टाळी वाजली नाही. एक बारकी मुलगी रडायला लागली.

रत्नम्मा मॅडमनी गॅलरीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम खाली पटांगणात झाला.

सोमवारी दीपालीनं सगळं लिहिलं, दुकानाच्या नावासकट. भट्टीला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला घाई असते, तेव्हा साधी काच बसवायचा मोह होतो, हेही लिहिलं. त्या आठवड्यात साठ दुकानदार गटातून बाहेर पडले. लातूरच्या दोघांनी फोन करून आपले कठडे तपासायला बोलावलं. पिराजीनं नांदेडला स्वतःचं काम सुरू केलं.

नवीन काचा अकराव्या दिवशी आल्या. अप्पांनी एक जादा आणली, आणि कुणी मागायच्या आधीच मॅडमसमोर स्वतः फोडून दाखवली. हे दीपालीला मॅडमनीच फोनवर सांगितलं. ती त्याच संध्याकाळी अप्पांच्या दुकानात गेली.

अप्पा काउंटरमागे बसले होते. बरेच खचल्यासारखे दिसत होते.

"लिहिलंस ते खरं हाय," ते म्हणाले. "खोटं एक अक्षर न्हाई त्यात."

"अप्पा, मला..."

"पण आता दुकानात येत जाऊ नको, पोरी. मला तुझ्याकडं बघवत न्हाई."

ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि रस्त्यावर येऊन ऑटोला हात केला.