सोमवारचा आकडा

तळहातावर मावेन एवढीच मी, रक्तातली साखर मोजणारी मशीन. पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या मेडिकलमधून निशाने मला सासऱ्यांसाठी आणलं. त्यांचं नाव काशीराम. भातशेती गेली, बंगला आला, चालणं सुटलं आणि मधुमेह मागे लागला.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेजारचे तुळशीरामही बोट पुढे करून बसायचे. आकडा चढला की मला नावं ठेवायचे, उतरला की निशाकडे चहा मागायचे.

काशीराम मला हाक मारायचे ती फक्त सोमवारी संध्याकाळी, उपास सोडायच्या आधी. लग्नसराईत हळदीच्या जेवणांना मटण, भाकरी, वर गोडधोड, सगळं चालायचं. तेव्हा मी डब्यात. सोमवारचा आकडा मात्र छान यायचा. तो ते बायकोला, वेणूला, बोलावून दाखवायचे. त्यात लबाडी नव्हती. उपासाने साखर पळाली, असं त्यांना मनापासून वाटायचं.

डॉक्टरांनी निशाला बजावलं होतं की मधुमेहींच्या शरीरात आतल्या आत दाह चालू राहतो, तो वरून दिसत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि दाह दाखवणारी सीआरपी, दोन्ही तपासून घ्या. निशाने घरी सांगितलं, तेव्हा काशीरामांनी मला उचलून तिच्यासमोर धरलं.

"मशीन सांगतंय बरा हाय. मंग परत रगत कशाला देऊ?"

मला वाचा असती तर म्हटलं असतं, काका, मला त्या घटकेची साखर तेवढी कळते. दाह मला दिसत नाही. आणि तुमचे बाकीचे दिवस तुम्ही मला दाखवलेच नाहीत.

चैत्रात ते एकवीरा आईच्या पालखीबरोबर कार्ल्याला अनवाणी चालत गेले. निशा नको म्हणत होती. तेव्हाही त्यांनी माझाच आकडा पुढे केला. तळव्यात काच रुतली, पण पायाच्या नसा कधीच बधिर झाल्या होत्या. घरी आल्यावर वेणूला लादीवर ओला डाग दिसला, तोवर पाऊल लाल होऊन तापलं होतं. इस्पितळात सीआरपी केली, ती कितीतरी पटींनी वाढलेली. अर्धं पाऊल काढावं लागलं.

मला कुणी बोल लावला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

माझ्यावर विश्वास ठेवा, पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. जेवलेल्या दिवशीही मला विचारा. आणि मला जे दिसत नाही, त्यासाठी आणखी थोडं रक्त द्या.

यंदा वेणूने नवऱ्यासाठी नवस केला आणि पालखीला अनवाणी निघाली. आता तिलाही साखर आहे. काशीरामांनी खुर्चीतूनच काठीने तिच्या चपला पुढे ढकलल्या.

"घाल गो. एकवीरा आयला मी सांगतो."

वेणूने उंबऱ्यातूनच कार्ल्याच्या दिशेने हात जोडले. मग तिने चपलांत पाय घातले.